फाटकावरचा टक्का आणि आतलं बोर्डिंग

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मुलाला यंदा इंजिनिअरिंगच्या सीईटीत 96.8 पर्सेंटाइल आहेत. प्रवर्ग खुला. हव्या त्या कॉलेजात कॉम्प्युटर मिळालं नाही. त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मित्राला 89 वर तिथेच मिळालं. लहानपणापासून मी त्याला सांगत आलो की मेहनत कर, कुणी काही हिरावून घेत नाही. आता काय सांगू? गुणवत्तेवर चालणारा समाज म्हणायचं तर स्पर्धा चोख हवी. दुबळ्याला आधार द्यायचा तर स्पर्धेत हात घालावाच लागतो. हे दोन्ही एकत्र जमतं का, की एकाचा हिशेब दुसऱ्यानंच चुकता करायचा?"

तुम्ही विचारलंय समाजाबद्दल, पण दुखतंय ते त्या बाकाबद्दल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. माझ्याकडे आलेला असा प्रत्येक प्रश्न कुठल्या तरी बाकावरूनच आलेला होता.

मी 24 वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवलं. त्यातले बरेच पावसाळे प्रवेशाच्या खिडकीमागे कागदपत्रं तपासण्यात गेले, आणि निवृत्तीआधीची काही वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर. म्हणजे मुलं आत येताना पाहिली आणि आत आल्यावर त्यांचं काय होतं तेही पाहिलं. मी वकील नाही की समाजशास्त्रज्ञ नाही. त्या खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच सांगतो.

आधी बाकाचं बोलू. मित्राला जागा कोणत्या प्रवर्गातून मिळाली, कितव्या फेरीत, होम युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या भागातल्या मुलांच्या, जागेवर की बाहेरच्या, संरक्षण दलातल्या पालकांच्या किंवा दिव्यांगांच्या जागेवर तर नव्हे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कॉलेज खाजगी विनाअनुदानित असेल तर तिथे 20 टक्के जागा संस्थास्तरावर, म्हणजे कॉलेज स्वतःच, भरतात, त्यातली असेल तर गोष्ट आणखी वेगळी. (संस्थास्तरावर कमी पर्सेंटाइलला प्रवेश झाला म्हणून माझ्या खिडकीशी येऊन कुणी भांडल्याचं मला आठवत नाही. तिथे पैसे मोजलेले असतात, म्हणून ते आपल्याला रीतसर वाटतं.) तुमच्या मजकुराचा सूर पाहता मित्र आरक्षित प्रवर्गातला आहे असं धरून चालतो.

पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. सीईटी 2019 पासून संगणकावर, अनेक सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणून त्या सत्रात तुमच्या बरोबरीला किंवा तुमच्या मागे शेकडा किती जण आहेत, एवढंच तो आकडा सांगतो. तो क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. 96.8 म्हणजे दर लाख परीक्षार्थींमागे साधारण 3,200 जण तुमच्या मुलाच्या पुढे. आता त्या कॉलेजातला कॉम्प्युटरचा खुल्या जागांचा कट-ऑफ समजा 99 च्या आसपास थांबला. मित्राची जागा उद्या खुली केली तरी ती तुमच्या मुलाकडे येत नाही. ती 98.9 वाल्याकडे जाते, मग 98.8 वाल्याकडे. तुमचा मुलगा आणि ती जागा यांच्यामध्ये मित्र एकटा उभा नाही, भलीमोठी रांग उभी आहे. पण त्या रांगेतल्या कुणाला आपण ओळखत नाही, बाकावरच्या मित्राला ओळखतो, म्हणून राग त्याच्यावर निघतो. खिडकीशी भांडायला आलेल्या पालकांना मी हे कागदावर काढून दाखवायचो. काहींना पटायचं, काही कागद फाडून निघून जायचे.

आणखी एक गैरसमज. 'खुल्या' जागा म्हणजे खुल्या प्रवर्गाच्या जागा नव्हेत. त्या सगळ्यांसाठी खुल्या असतात. आरक्षित प्रवर्गातला मुलगा स्वतःच्या गुणांवर खुल्या यादीत बसत असेल तर तो तिथेच मोजला जातो, त्याच्या प्रवर्गाची जागा खर्ची पडत नाही. आपल्या राज्यात अनुसूचित जातींना 13, जमातींना 7, इतर मागासवर्गाला 19, भटक्या-विमुक्तांच्या चारही गटांना मिळून 11 टक्के. त्यावर 2019 च्या घटनादुरुस्तीनंतर आर्थिक दुर्बल घटकांना (ईडब्ल्यूएस) 10, आणि 2024 च्या कायद्यानं एसईबीसीला, म्हणजे मराठा समाजाला, 10. हे आकडे एकापाठोपाठ एक वाचले की छातीत धस्स होतं, मला मान्य आहे. पण ही यादी वाढत का गेली, ते पाहिलं की तुमच्या मूळ प्रश्नाकडे येता येतं.

ती वाढली कारण संरक्षण सगळ्यांनाच हवं असतं. फक्त आपण मागतो तेव्हा त्याला वेगळं नाव देतो. 2009 आठवा. आयसीएसईची मुलं गुणांच्या जोरावर अकरावीच्या चांगल्या जागा घेतात, अशी ओरड होती. राज्य मंडळाच्या मुलांसाठी 90 टक्के जागा राखण्याचा शासननिर्णय निघाला, आणि मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. तेव्हा नव्वद-दहाच्या बाजूनं तावातावानं बोलणारे माझे कितीतरी परिचित त्याला आरक्षण म्हणायला तयार नव्हते. ते म्हणायचे, "अहो, त्यांचा अभ्यासक्रम वेगळा, तपासणी सैल, तुलनाच चुकीची." म्हणजे मोजमापच समान नाही! अगदी हाच मुद्दा दुसऱ्या कुणी मांडला की मात्र आपल्याला तो गुणवत्तेवरचा घाला वाटतो. वैद्यकीय प्रवेशातला 70:30 चा प्रादेशिक कोटाही तसाच: 70 टक्के जागा त्या त्या भागातल्या मुलांना, 30 टक्के राज्यभरातल्या. मराठवाड्यातल्या पालकांना तो अन्याय वाटत होता, ज्यांच्या भागात कॉलेजं जास्त त्यांना तो हक्क वाटत होता. सप्टेंबर 2020 मध्ये तो गेला.

तर खरा प्रश्न स्पर्धा की संरक्षण असा नाहीच, असं माझं मत आहे. संरक्षण ठेवायचं कुठे, हा प्रश्न आहे: शर्यत सुरू व्हायच्या आधी, फाटकावर, की आत गेल्यानंतर? आणि जो हरला त्याच्यासाठी काय? आपण जवळजवळ सगळं ओझं फाटकावर टाकलंय, आणि मग फाटकापाशी चेंगराचेंगरी होते म्हणून रडतो.

हे मत मला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून नव्हतं. सुरुवातीला मी तुमच्याच बाजूचा होतो. स्टाफरूममध्ये एक वाक्य ठरलेलं असायचं: "कोट्यातून येतात आणि एम-वनला अडकतात." एम-वन म्हणजे पहिल्या वर्षाचं गणित, माझा विषय. गणिताच्या मास्तराला वाटलं, हे आकड्यांनीच सिद्ध करून टाकू. एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वर्गाची यादी घेऊन बसलो. एका रकान्यात प्रवेशाचे गुण, दुसऱ्यात प्रवर्ग, तिसऱ्यात एम-वनचे गुण. पार तळाला प्रवेश मिळालेली दोन-तीन मुलं अडकली होती, ते खरं. पण त्याच्या वरचा सगळा मधला पट्टा माझ्या वाक्याला दाद देईना. कमी गुणांवर आलेले काही आरामात सुटले होते, जास्त गुणांवर आलेले काही इयर डाउनच्या, म्हणजे वर्ष वाया जाण्याच्या, काठावर होते. मग मुलांना ओळखत होतो म्हणून आणखी रकाने घातले: बारावी कुठल्या गावातून, माध्यम कोणतं, राहतो कुठे. तेव्हा लाल खुणा एका जागी गोळा झाल्या. मराठी माध्यम, तालुक्याच्या गावाहून आलेला, हॉस्टेल न मिळालेला. त्यात आरक्षित प्रवर्गातली मुलं जास्त होती, पण खुल्या प्रवर्गातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरंही होती. एका वर्गाची यादी म्हणजे काही संशोधन नव्हे, त्यावरून राज्याचं धोरण ठरवू नये. पण स्टाफरूमचं ते वाक्य मी त्यानंतर उच्चारलं नाही.

अडकणं कसं दिसतं तेही सांगतो. मुलाला इंटिग्रेशन येतं, गावाकडच्या सरांनी घोटून घेतलेलं असतं. पण प्रश्न इंग्रजीत चार ओळींचा आला की पेन थांबतं. वर्गात विचारायची सोय नाही, कारण विचारायचंही इंग्रजीत. एक मुलगा कॉट बेसिसवर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि रात्री औषधांच्या दुकानात काम करायचा. दुपारच्या प्रॅक्टिकलला झोपायचा. टर्मवर्क अपुरं, म्हणून सही नाही. सही नाही म्हणून परीक्षेचा फॉर्म अडला. त्याची शिष्यवृत्ती मंजूर होती, पण हाती यायला दुसरं वर्ष उजाडलं. तोवर मेसचं खातं बंद झालेलं. कागदावर या मुलाला संपूर्ण संरक्षण होतं. जागा मिळाली होती, फी माफ होती. गडी बुडाला तो जेवणापायी.

मग मी आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी एम-वनचा मराठीतून तास सुरू केला. परवानगी मागितली नाही, खोली रिकामी असायची. पहिल्या चाचणीत ठरावीक गुणांच्या खाली असेल त्यानं यायचं, एवढीच अट. प्रवर्गाचा संबंध नाही. परीक्षेचा पेपर तोच, तपासणी तीच, उत्तीर्ण होण्याचे गुण तेच. मी पेपर कधी सोपा काढला नाही आणि काढावा असंही मला वाटत नाही. पूल बांधणाऱ्या इंजिनिअरला सवलतीचं गणित शिकवून चालत नाही. डॉक्टरबद्दल तर बोलायलाच नको. स्पर्धा चोख हवी, हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे, ते इथे. बाहेर पडतानाच्या मापात सूट नको. आरक्षणाच्या चर्चेत ही गोष्ट सतत निसटते. जागा कमी गुणांवर मिळते, पदवी मिळत नाही. तुमच्या मुलाचा मित्र इंजिनिअर झाला तर तेच पेपर सोडवून होईल.

इथे तुम्ही म्हणाल, मग प्रवर्ग कशाला, गरिबी पाहा, गाव पाहा, माध्यम पाहा. मलाही काही वर्षं तसंच वाटायचं. ते पुरतं पटेनासं झालं एका मुलामुळे. वडील बँकेत अधिकारी, स्वतः हुशार, इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं. पहिल्या सत्रात त्याला खोली मिळेना. फोनवर सगळं ठरायचं, भाडं ठरायचं, आणि आडनाव सांगितलं की "आत्ताच एकाला दिली हो" असं उत्तर यायचं. चौथ्या की पाचव्या ठिकाणी मी सोबत गेलो, माझं आडनाव पुढे करून खोली घेऊन दिली. घरमालकीणबाई गोड होत्या, चहाही दिला. उत्पन्नाच्या दाखल्यात ही गोष्ट कुठे लिहायची? गरिबीचं माप वेगळं आणि जातीचं माप वेगळं. एकानं दुसऱ्याचं काम होत नाही. म्हणून फाटकावरचा टक्का नकोच, असं मी म्हणत नाही. एकट्या टक्क्यानं भागत नाही, एवढंच म्हणतो.

आणि हे काही माझं नवं शहाणपण नाही. शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासवर्गीयांना देण्याचा हुकूम काढला, हे आपण शाळेत पाठ करतो. (घोड्यांच्या चंदीची गोष्ट इथे सांगत नाही, ती प्रत्येक भाषणात येते.) पण त्याच्या आदल्या वर्षी, 1901 मध्ये, कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू झालं होतं. मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली: जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जातींची. 1917 मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम आला. म्हणजे क्रम पाहा. आधी राहण्या-जेवणाची सोय, मग नोकरीतला वाटा, मग खालून शाळांची भरती. तिन्ही हातांनी एकच दोर ओढायचा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली ती याच वाटेवर, आणि तिथल्या 'कमवा व शिका' योजनेत आधार आणि मेहनत यांचं भांडण कुणाला सुचलंही नसतं. पोरगं सकाळी शेतात राबायचं आणि दुपारी वर्गात बसायचं.

आपण त्यातला टक्का उचलला, कारण टक्का राजपत्रात छापता येतो. बोर्डिंग चालवावं लागतं: रोजचा भाजीपाला, पाण्याची टाकी, रेक्टर भला आहे की नाही. आजही समाजकल्याणची वसतिगृहं आहेत, वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावानं निर्वाहभत्ता आहे. योजनांची कमतरता नाही. पण मोर्चा टक्क्यासाठी निघतो. वसतिगृहाच्या बंद पडलेल्या गीझरसाठी कुणी मोर्चा काढत नाही.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण संरक्षण ढिसाळ असेल तर तुमच्यासारख्या माणसाचा राग रास्त ठरतो. ट्यूशन फी माफीच्या जागा घ्या, टीएफडब्ल्यूएस म्हणतात त्या. मंजूर संख्येच्या वर 5 टक्के, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्यांना. वाटेल की तिथे कट-ऑफ खाली असेल. अनेक चांगल्या कॉलेजांत तो खुल्या जागांपेक्षाही वर जातो! फी वाचते म्हणून चांगल्या गुणांची मुलं तिथे पहिला पर्याय टाकतात. बिचाऱ्या गरीब पण मध्यम गुणांच्या मुलाला ती जागा दिसते, मिळत नाही. संरक्षणासाठी काढलेली जागाच पुन्हा शर्यत झाली. आकडा 8 लाखांचा तोच, पण इतर मागासवर्गाची क्रीमी लेयर (आरक्षणातून वगळायचा सधन थर) ठरवताना पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्या मर्यादेत धरत नाहीत, आणि ईडब्ल्यूएसच्या दाखल्याला सगळं धरतात. खिडकीपलीकडच्या पालकाला हा फरक समजावताना माझीच जीभ अडखळायची. ज्यांच्याकडे चांगला सीए आहे त्यांना तो आधीच समजलेला असायचा. क्रीमी लेयरची कल्पना 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली, हेतू हाच की त्याच त्या घरांत लाभ फिरू नये. 2024 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली, तीही याच काळजीतून. हे काम कुणाला आवडत नाही, पण ते न केल्यास संरक्षणावरचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडाला की सगळ्यात आधी बोट उठतं ते खऱ्या गरजूकडे.

कारण कागदांचा जाच बहुधा त्यालाच होतो. खोटा दाखला आणणारा सगळे कागद फाइलमध्ये क्रमानं लावून आणतो. खरा गरजू प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणतो, आणि नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्याची मुदत मार्चअखेर संपलेली असते. एका मुलीची जातपडताळणी समितीकडे महिनोन्‌महिने पडून होती. वडील ऊसतोडीला गेलेले, पाठपुरावा करायला घरात कुणी नाही. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही आणि तिचा प्रवेश खुल्या प्रवर्गात वर्ग झाला, म्हणजे प्रत्यक्षात गेला. ती आमच्या खिडकीशी रडली नाही. "पुढच्या वर्षी याच खिडकीवर यायचं ना?" एवढं विचारून निघाली. पुढच्या वर्षी मी वाट पाहिली.

आतापर्यंतचं गोळा करतो. मापात सूट नको. माप लावण्याआधी आणि आत घेतल्यावर आधार हवा. फाटकावरचा टक्का लागतोच, पण तो नीट गाळून दिलेला हवा. कुणाला किती, हे काळ आणि जागा पाहून बदलतं. तमिळनाडूनं 2020 मध्ये वैद्यकीय प्रवेशात सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी 7.5 टक्के जागा ठेवल्या. मला ती कल्पना आवडते, कारण तिथे क्लास न लावलेल्या मुलाची अडचण थेट मोजली जाते. आपल्याकडे ती जशीच्या तशी चालेल का? आपल्या बहुतेक माध्यमिक शाळा अनुदानित खाजगी संस्थांच्या आहेत, 'सरकारी शाळा' म्हणजे काय इथूनच वाद सुरू होईल. पण दिशा बरोबर आहे. जानेवारी 2022 मध्ये नीटच्या इतर मागासवर्ग आरक्षणावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानंही म्हटलं होतं की खुल्या परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता, असं समीकरण मांडता येत नाही. त्या गुणांमागे घरची भाषा, शिकवण्या, सवड हे सगळं उभं असतं. मी यात एकच भर घालेन. गुण हे गुणवत्तेचं पूर्ण माप नसलं तरी दुसरं चोख माप अजून आपल्या हाती नाही. मुलाखती आणि शिफारशी आल्या की काय होतं ते आपण जाणतो. म्हणून परीक्षा हवी, आणि ती पेपर न फुटणारी हवी. पेपर फुटतो तेव्हा खुला आणि आरक्षित असा भेद राहत नाही, सगळेच नागवले जातात.

राहिला हरणाऱ्याचा प्रश्न. मला तो सगळ्यात मोठा वाटतो, आणि तुमच्या पत्रात तो जवळजवळ नाही. स्पर्धा इतकी जीवघेणी का झाली? जागा कमी आहेत म्हणून? मागच्या दशकात राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या, काही कॉलेजं बंद पडली. जागा कमी नाहीत, विश्वासाच्या जागा कमी आहेत. पंधरा-वीस कॉलेजं सोडली तर खाली एकदम खड्डा आहे, असं पालकांना वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. पायऱ्यांच्या जागी कडा असेल तर वरच्या दगडासाठी माणसं एकमेकांना ढकलणारच. उद्या मधल्या शंभर कॉलेजांत शिकवणारे पूर्णवेळ आले, प्रयोगशाळेतली यंत्रं सुरू झाली, तर फाटकावरचं भांडण आपोआप अर्ध्यावर येईल. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं मी वर्षानुवर्षं शिकवली. दहावीत मागे पडलेली, हाताला तेल-ग्रीस लागलेली पोरं. त्यांच्यासाठी दुसरा दरवाजा उघडा होता म्हणून पहिल्या दरवाजावर त्यांनी डोकं फोडून घेतलं नाही.

हरणाऱ्याला सांभाळायची रीत या राज्याला नवी नाही. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे 2005 मध्ये देशाचा कायदा त्याच धर्तीवर आला. तिचा पैसा कुठून आला, माहीत आहे? 1975 मध्ये व्यवसाय कर बसवला त्यातून. तुमच्या पगारपत्रकावर पी.टी. म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तोच कर. मुंबई-पुण्यातल्या पगारदारानं थोडं द्यायचं आणि पावसानं दगा दिलेल्याला मागेल तेव्हा काम मिळायचं. काम करायचं, तेव्हाच मजुरी. त्यात पगारदाराची बढती गेली नाही आणि मजुराचा मान गेला नाही. तुम्ही विचारलंत, एकाचा हिशेब दुसऱ्यानं चुकता करायचा का. करायचा. पण सगळ्यांनी थोडा थोडा, दर महिन्याला. एका अठरा वर्षांच्या मुलाच्या एका जागेतून सगळा वसूल करायला निघालो तर तो चिडणारच.

आता मुलाला काय सांगायचं. 'तुझी जागा त्यानं घेतली' हे सांगू नका, कारण वर दाखवलं तसं ते गणितातही बसत नाही. 'मेहनतीचं फळ मिळतंच' हेही पुन्हा सांगू नका. त्याला खरं सांगा: 96.8 मेहनतीचेच आहेत, आणि त्यात आपल्या घरातली अभ्यासाची खोली आणि क्लासची फीही आहे. माझ्या भाच्याला मी हे सांगितलं होतं तेव्हा तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, म्हणून वेळ पाहून सांगा. मित्राशी बोलणं तुटू देऊ नका. तो त्या कॉलेजात जाईल तेव्हा वर्गातलं कुणीतरी त्याला 89 ची आठवण करून देणारच आहे.

आणि काही व्यवहाराच्या गोष्टी. पुढच्या फेऱ्या बाकी असतील तर घाईनं संस्थास्तरावर पैसे भरू नका. 96.8 वर कॉम्प्युटरचा हट्ट सोडला तर चांगल्या कॉलेजात इतर शाखा मिळू शकतात, आणि कॉम्प्युटरच हवं असेल तर त्याखालच्या कॉलेजांत मिळतं. मागच्या वर्षीचे कट-ऑफ फेरीनुसार काढून ऑप्शन फॉर्म भरा, आवडीच्या क्रमानं, 'मिळेल असं वाटतं' या क्रमानं नाही. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर तहसील कार्यालयातून ईडब्ल्यूएसचा दाखला मिळतो का ते आधी पाहा. कितीतरी पालक 'आपण खुल्यातले' म्हणून तिकडे फिरकतच नाहीत. शिवाय त्याच मर्यादेत खुल्या प्रवर्गातल्या मुलालाही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मी ट्यूशन फी मिळते, प्रवेश कॅपच्या, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून झालेला असेल तर. संस्थास्तरावर घेतला तर नाही. उत्पन्नाचा दाखला या आठवड्यातच काढा, सेतू केंद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये रांग असते. आणि त्या मित्राच्या घरी विचारा, व्हॅलिडिटी हातात आली आहे का.